मातीचा बैल, लाकडाचा बैल

चाळीसगाव जंक्शनवर उतरणाऱ्या बहुतेकांची घाई ठरलेली असते. कोणाला धुळ्याची गाडी पकडायची असते, कोणाला पाटणादेवीला जायचे असते, कोणाला कन्नडचा घाट चढून वेरूळ गाठायचे असते. स्टेशनाजवळच्या एका जुन्या बंगल्याकडे वळणारे त्यामानाने थोडे. त्या बंगल्यात कैखुसरू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, राहत. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये कला व छायाचित्रण शिकून आलेले हे गृहस्थ १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावी आले, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत इथेच राहिले. जवळपास पन्नास वर्षांत ते घराबाहेर पडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. आचार्य विनोबा भावे यांचे छायाचित्र काढण्यासाठी ते गेले, तो त्यांपैकी एक प्रसंग.

मूस यांच्याविषयी गावात एक आख्यायिका आवडीने सांगतात: प्रेयसी येईल म्हणून पंजाब मेलच्या वेळी ते घराची दारे उघडी ठेवत. गोष्ट मनाला चटका लावणारी आहे खरी, पण ती इतक्या वेळा सांगितली जाते की त्या बंद घरात पन्नास वर्षे काय काम चालले होते, हे सांगायचे राहूनच जाते. ते काम थक्क करणारे आहे. छायाचित्रे, रंगचित्रे, रेखाटने, शिल्पे, लाकडातले काम, कागदाच्या घड्यांतून घडवलेल्या आकृती, आणि जोडीला सतारवादन. एका माणसाने, एका छपराखाली, एवढी माध्यमे हाताळली आणि त्यांतल्या एकाला, टेबलटॉप छायाचित्रणाला, देशविदेशात नाव मिळवून दिले.

चित्र काढणारा माणूस कधीतरी कॅमेऱ्याकडे वळतो, कॅमेरावाल्याला माती खुणावते, शिल्प करणाऱ्याला कागद. त्यांच्यासाठी मूस यांचे काम हा चांगला धडा आहे. माध्यम बदलण्याचे योग्य कारण एकच असते: जे दाखवायचे आहे, ते हातातल्या माध्यमाच्या आवाक्यात येत नाही. कंटाळा आला, दुसऱ्याचे काम पाहून हुरूप आला किंवा दुकानात नवे रंग दिसले, ही कारणे थोडेच दिवस पुरतात. म्हणून आधी एक वाक्य कागदावर लिहावे: मला काय दाखवायचे आहे? 'गिरणेच्या पात्रातल्या वाळूवरची सकाळची तिरपी सावली' असे नेमके लिहावे. मग स्वतःलाच विचारावे, आणखी सराव केला तर हे जलरंगात जमेल का? जमणार असेल, तर सराव करावा. सावलीपेक्षा वाळूचा खरखरीतपणाच महत्त्वाचा वाटत असेल, तर मात्र माध्यम बदलायची वेळ आली आहे.

टेबलटॉप म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यातून मोठ्या दृश्याचा भास उभा करणे आणि त्याचे छायाचित्र घेणे. ज्याला घर सोडायचे नाही पण डोंगर, रस्ते, निष्पर्ण झाडे दाखवायची आहेत, त्याच्यासाठी याहून नेमके माध्यम शोधूनही सापडणार नाही. यात सगळीच माध्यमे एकत्र येतात, हेही ध्यानात घ्यावे. मांडणी शिल्पकाराची, पार्श्वभूमी चित्रकाराची, प्रकाश नाटकवाल्याचा आणि शेवटची नजर छायाचित्रकाराची. मूस यांच्या हातात ही सगळी कौशल्ये होती, म्हणून त्यांचा टेबलटॉप इतका भरीव झाला, असे मानायला जागा आहे.

घरी करून पाहायला हा प्रकार सोपा आहे, आणि फसवाही. मोबाइलचा कॅमेराही चालतो. पहिली काळजी मापाची. नदीतली वाळू टेबलावर पसरली की छायाचित्रात तिचे कण धोंड्यांएवढे दिसतात, म्हणून बारीक चाळलेली वाळू, रांगोळी किंवा मैदा घ्यावा. झाड म्हणून पऱ्हाटीचे टोक चांगले दिसते, खान्देशात ते फुकट मिळते, आणि त्याच्या फांद्यांची वळणे खऱ्या वठलेल्या झाडासारखीच असतात. धुक्यासाठी मांडणीच्या मागे उदबत्ती लावावी. पाणी मात्र टाळावे, कारण थेंबाचा आकार आपल्या मर्जीने लहान होत नाही आणि डोळा ते लगेच ओळखतो.

दुसरी काळजी प्रकाशाची. सूर्य एक असतो, म्हणून दिवाही एकच ठेवावा, तोही लांब आणि खाली. दिवा जवळ आला की टेबलाच्या एका टोकाची सावली एका दिशेला पडते, दुसऱ्या टोकाची दुसरीकडे, आणि सगळे सोंग उघडे पडते. सावलीची बाजू फार काळी वाटली तर दुसरा दिवा लावू नये, पांढरा पुठ्ठा उभा करावा.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची आणि स्पष्टतेची. कॅमेरा टेबलाच्या कडेशी टेकवून, त्या छोट्या जगात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा. आपण खरा डोंगर लांबून पाहतो तेव्हा पुढचे झाड आणि मागचा कडा दोन्ही स्पष्ट दिसतात. छोटी वस्तू अगदी जवळून टिपली की मागचे सगळे धूसर होते, आणि ते खेळण्याचे चित्र आहे हे पाहणाऱ्याला कळते. उपाय दोन: थोडे मागे सरकून टिपावे आणि नंतर नको तो भाग कापावा, किंवा छिद्र लहान करता येणारा कॅमेरा असेल तर तो तिपाईवर ठेवून एफ ११ किंवा एफ १६ वर, लांब वेळ देऊन छायाचित्र घ्यावे.

मूस यांच्या पश्चात त्या बंगल्यातच त्यांच्या कामाचे कलादालन झाले आहे. तिथे जाणाऱ्याने सगळे एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरू नये. एक टेबलटॉप छायाचित्र निवडावे, दिवा कुठून आला असेल ते सावल्यांवरून शोधावे आणि वहीत त्याचा आराखडा काढावा. मग त्यांच्याच एखाद्या व्यक्तिचित्राकडे वळावे आणि चेहऱ्यावर प्रकाश कोणत्या बाजूने घेतला आहे ते पाहावे. एकाच माणसाची नजर दोन माध्यमांत कशी वागते, याचा अभ्यास असाच होतो. जाण्यापूर्वी दालन उघडे असण्याची वेळ मात्र गावात विचारून घ्यावी.

आता हाताने करायच्या अभ्यासाकडे. विषय एकच ठेवायचा आणि माध्यमे बदलत जायची, ही रीत सर्वांत फलदायी ठरते. खान्देशात त्यासाठी विषय शोधायला लांब जावे लागत नाही. पोळ्याच्या बाजारात मातीचे बैल मांडलेले असतात. त्यांतला एक आणावा.

आधी त्याचे रेखाटन करावे. पेन्सिलीने बाहेरची रेषा काढताना लक्षात येते की बैल ओळखू येतो तो दोनच जागांवरून: वशिंड आणि मानेखालची पोळी. ती दोन वळणे साधली तर बाकीचे चार ठिपके असले तरी चालते. हे कळेपर्यंत पाने भरत राहावीत. मग तोच बैल खिडकीशी ठेवून छायाचित्र घ्यावे. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. रेखाटनात जी रेषा हुकमी होती ती दुपारच्या सपाट उजेडात नाहीशी होते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात वशिंडाची गोलाई पहिल्यांदा दिसते. रेषेला जे सांगता आले नव्हते, ते सावली सांगते.

यानंतर माती. इथे खान्देशी माणसाची पहिली चूक ठरलेली: शेतातली काळी माती उचलणे. ती हाताला लोण्यासारखी लागते, पण पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. शेतातल्या भेगा आठवल्या तर कारण कळते. मूर्तीलाही तशाच भेगा पडतात. कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी किंवा शाडू. चाळीसगाव-जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत काम ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले नाही तर वरचा थर सुकतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. भाजायचे असेल तर बैलाचे पोट आतून पोकळ करावे, जाडी सगळीकडे सारखी ठेवावी आणि भट्टीत जाण्याआधी तो सावलीत पूर्ण सुकू द्यावा. आत ओल राहिली तर वाफ होऊन तुकडे उडतात.

स्वतः बैल करायला घेतला की बाजारातल्या बैलाचे पाय इतके आखूड आणि जाड का, हे ध्यानात येते. ओल्या मातीचे बारीक पाय पोटाचे वजन पेलत नाहीत. ती कुंभाराची नजरचूक नव्हे, ते मातीने घातलेले बंधन आहे, आणि पिढ्यान्पिढ्या त्या बंधनातूनच तो देखणा, ठेंगणा आकार ठरत आला आहे.

लाकूड वेगळे बोलते. तिथे पाय बारीक करता येतात, पण लाकडाच्या रेषा पायांच्या उभ्या दिशेने असतील तरच. आडव्या रेषांचा पाय पहिल्या ठोक्याला तुटतो. पाय उभ्या रेषेत घेतले की शिंगांची टोके आडव्या रेषेत जातात आणि ती नाजूक होतात. म्हणजे काय वाचवायचे आणि काय जाड ठेवायचे, हे पटाशी हातात घेण्याआधीच ठरवावे लागते. मातीत चुकले तर गोळा परत लावता येतो, लाकडात गेलेला ढलपा परत येत नाही. पहिल्या कामाला सुतारापाशी उरलेला सागाचा तुकडा पुरतो. पटाशी मात्र धारदार हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती घसरून हातात शिरते. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा.

कागदाची गंमत सर्वांत निराळी. ओरिगामीत काही लावायचे नाही, काही कापायचेही नाही. आहे त्या चौकोनातून बैल उभा करायचा. वर्तमानपत्राचा कागद घडीवर फाटतो, ड्रॉइंगचा जाड कागद घडी धरत नाही, झेरॉक्सचा ७०-८० ग्रॅमचा कागद सुरुवातीला ठीक चालतो. इथे बैलाचे दहा तपशील सोडून द्यावे लागतात आणि शिंगे व वशिंड एवढेच उरते. पेन्सिलीने जे सांगितले होते तेच कागद पुन्हा सांगतो. पण आता ते बोटांना कळलेले असते, आणि पुढच्या रेखाटनात रेषा कमी होतात. एका माध्यमातून दुसऱ्यात जे नेले जाते ते हेच: काय वगळायचे याची समज. साहित्य इथेच ठेवून पुढे जाता येते, ही समज सोबत येते.

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेली एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती इसवी सनापूर्वीची आहे आणि तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. दागिने घडवणाऱ्याने दगडात मूर्ती केली, आणि यक्षाच्या अंगावरचे अलंकार पाहिले की कारागिराचा मूळ धंदा ओळखू येतो. नवे माध्यम हाती घेताना जुने विसरावे लागते, असा समज अनेकांचा असतो. कण्हदासाने तसे काही केलेले दिसत नाही. तुम्ही शिवणकाम करत असाल, साइनबोर्ड रंगवत असाल, हिशेबाच्या वह्या सुबक अक्षरात लिहीत असाल, तर तो हात नव्या कामात उतरू द्यावा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे याचे आधुनिक उदाहरण. कारागिरांच्या घरातला हा माणूस चित्रकार, शिल्पकार झाला, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पुढे १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्यांच्या चित्रपटांतली भव्य दृश्ये रंगवलेल्या पडद्यांच्या अनुभवातून आलेली आहेत, आणि कॅमेरा जुळवायचे धाडस घरच्या हत्यारांच्या ओळखीतून.

मोठी उडी घेण्याआधी छोटा नमुना करावा, हे दादासाहेब फाळक्यांकडून शिकावे. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा वाटांवरून सिनेमाकडे आलेल्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून एक छोटी फिल्म तयार केली होती. कुंडी, रोप आणि कॅमेरा, एवढ्यावर. यंत्र आपल्या हाती चालते हे त्यांना कळले, आणि पैसे घालणाऱ्यालाही दाखवता आले. तैलरंगाचा मोठा कॅनव्हास विकत घेण्याआधी तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर दोन-तीन रंगांत काम करून पाहणे, हे याच जातीचे शहाणपण आहे. भारी साहित्य विकत घेतले की ते वाया जाईल या भीतीने हात आखडतो. स्वस्त साहित्यावर माणूस मोकळेपणाने चुकतो आणि लवकर शिकतो.

शिकायचे कोणाकडे? रेखाटनाचा पाया पक्का करायचा असेल तर राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचा अभ्यासक्रम मोठ्या वयातही घरी करायला हरकत नाही. त्यातले स्थिरचित्र आणि स्मरणचित्र हे दोन भाग तर कोणत्याही माध्यमाला उपयोगी पडतात. साहित्याची ओळख मात्र कारागिरांकडेच होते. तालुक्याच्या गावात सुतार, कुंभार, गणपतीचे मूर्तिकार, जुने फोटो स्टुडिओवाले असतातच. त्यांच्याकडे हंगाम संपल्यावर जावे. श्रावणात मूर्तिकाराला बोलायला उसंत नसते. त्या दिवसांत जायचेच असेल तर माती मळून देण्याच्या तयारीने जावे. जो मदत करतो त्याला माणसे मनापासून शिकवतात.

एक इशारा द्यायला हवा. मूस यांनी घराचा उंबरा क्वचित ओलांडला, म्हणून एकांत हीच कलेची अट आहे असे कोणी समजू नये. तो त्यांच्या आयुष्याचा भाग होता. नव्याने शिकणाऱ्याला दुसऱ्याची नजर लागते, निदान काम झाल्यावर तरी. वाचनालयाची भिंत, शाळेचा वर्ग, गणेशोत्सवाचा मंडप, जिथे जागा मिळेल तिथे काम लावावे आणि पाहणारा कुठे थांबतो, कुठून पुढे सरकतो ते लांबून पाहावे. त्यांच्याकडून घ्यायचे ते दुसरेच: वेळ. ते एका जागी इतकी वर्षे राहिले आणि हाताशी होते त्यातूनच जग उभे करत गेले. एका माध्यमाला एक हंगाम तरी द्यावा. पहिले काही आठवडे सगळे बेढब होते. त्या अडचणीच्या काळात माध्यम सोडले तर कोणत्याच माध्यमाची पहिली पायरीही ओलांडली जात नाही.

काम जमायला लागले की ते जपण्याचा प्रश्न येतो. इथे खान्देशाच्या शेजारचीच एक जुनी हकीकत सांगायला हवी. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याला कंपनी सरकारने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेली. दरम्यान गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्या काळच्या छायाचित्राला रंग टिपता येत नव्हते, म्हणून भित्तिचित्रांसाठी ब्रश आणि दगडी खांब, कमानी, मूर्तींसाठी कॅमेरा, अशी दोन माध्यमांची विभागणीच त्याच्या कामात दिसते. त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकांतून छापली गेली. तैलचित्र एकेकच होते, ते गेले. छायाचित्रांच्या प्रती अनेक होत्या, त्या उरल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, तर त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या.

म्हणून प्रत्येक पुरे झालेल्या कामाचे दिवसाउजेडी, सपाट प्रकाशात छायाचित्र घ्यावे आणि ते दोन वेगवेगळ्या जागी ठेवावे. एक घरात, एक घराबाहेर. कागदावरच्या कामाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, साहित्य आणि विषय लिहावा, कारण बॉलपेनची शाई पुढे उमटते. चित्रे जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत, वाळवी तिथूनच चढते. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते, तेव्हा तो चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा, आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. न भाजलेली मातीची कामे खिडकीपासून दूर, आणि लाकडाची कामे उन्हाच्या झोतात येणार नाहीत अशी ठेवावीत. एप्रिल-मेच्या झळांत सागालासुद्धा चीर जाते.